तुम्ही विचारलंत म्हणून: ज्योतिष आणि खगोल

फोंड्याजवळ दुर्बीण लावून आम्ही लोकांना शनीची कडी दाखवतो, तेव्हा रांगेतले कोणीतरी हमखास विचारते, "मॅडम, तुम्ही पत्रिकाही बघता का?" मी नाही म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ज्योतिष म्हणजेच खगोलशास्त्र ना, मग एकाच विद्येला दोन शब्द कशाला? मागे रांग खोळंबलेली असल्यामुळे माझे उत्तर दर वेळी अर्धवट राहते. ते येथे पुरे करते.

'ज्योतिस्' म्हणजे आकाशातले तेज, आणि त्याचा अभ्यास ते ज्योतिष. जुन्या परंपरेत या शास्त्राच्या गणित, संहिता आणि होरा अशा तीन शाखा होत्या. पत्रिकेचा संबंध होरेशी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी ग्रंथाला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हेच नाव दिले, आणि भविष्याच्या आशेने तो उघडणाऱ्याला त्यात पानोपानी ग्रहगणित आणि पंचांगाचा इतिहास भेटतो. पुढे बोलण्यात सगळा शब्द होरेकडे गेला आणि गणिताला दुसरे घर शोधावे लागले. मला याचे वाईट वाटते, कारण शब्द सुंदर होता. मल्याळममध्ये तो अजून टिकून आहे: तिथे ज्योतिशास्त्रम् म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास आणि ज्योतिषम् म्हणजे भविष्य. बंगालीतही ज्योतिर्विज्ञान म्हणतात.

हा गोंधळ काही आपल्यापुरता नाही. पोर्तुगीजमध्ये शिकलेले गोव्यातले वडीलधारे 'आस्त्रोनोमिया' आणि 'आस्त्रोलोजिया' असा चोख भेद करतात, पण हे दोन्ही शब्द मुळात ग्रीक, आणि ॲरिस्टॉटल ताऱ्यांच्या अभ्यासाला यांतला दुसरा शब्द वापरीत असे. 'नोमोस' म्हणजे नियम. तेव्हा पहिल्या शब्दात ताऱ्यांना लागू असलेला कायदा आहे. तमिळचा 'वानियल' आकाशावरूनच आला. उर्दूतले 'फलकियात' अरबी 'फलक'वरून आले, आणि त्याच धातूतला एक शब्द टकळीच्या चकतीला आहे. सूत कातताना गरगरणारी चकती पाहिली की आकाशाला हे नाव का मिळाले असेल ते पटते. चिनी शब्दाचा अर्थ आकाशावरची नक्षी, आणि त्यातले नक्षीचे अक्षर लिखाणासाठीही चालते. या दोन नावांवर माझा विशेष जीव आहे.

पण आपला 'खगोल'ही कमी नाही. 'ख' म्हणजे आकाश, एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीतील गोलाध्यायात मात्र खगोल आणि भगोल असे दोन गोल वेगळे सांगितले आहेत. 'भ' म्हणजे तारा. भगोल ताऱ्यांसह फिरतो. खगोल स्थिर असतो, कारण तो पाहणाऱ्याच्या क्षितिजाला धरून बांधलेला असतो, आणि पाहणारा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकला की त्याच्या खगोलातली ध्रुवाची जागाही बदलते. म्हणजे श्रीनगरचा खगोल वेगळा आणि फोंड्याचा वेगळा. श्रीनगरला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे ३४ अंश वर दिसतो; आपल्याकडे जेमतेम साडेपंधरा, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे.

म्हणून हल्ली दुर्बिणीला हात लावण्याआधी मी सर्वांना उत्तरेकडे तोंड करून उभे करते. हात सरळ पुढे ताणून मूठ वळली की ती साधारण दहा अंश आकाश झाकते. तिची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि तिच्यावर आणखी अर्धी मूठ मोजायची. कुळागराच्या बाजूला उभे राहिले तर नेमके तिथे पोफळीचे शेंडे आडवे येतात; मग दोन-चार पावले बाजूला सरायचे, की शेंड्यांच्या मधल्या फटीत ध्रुव सापडतो.