तुम्ही विचारलंत म्हणून: न्यू जर्सीत राहून पहिली रायफल कोणती घ्यायची?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, आणि तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी लोकांत मला एकच प्रश्न फिरून फिरून येतो. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत येतो, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये मुलांची वाट बघताना येतो, व्हॉट्सॅपवर तर येतोच. "ताई, तुम्ही शूटिंग रेंजवर जाता ना, आम्हालाही शिकायचंय, पहिली रायफल कुठली घेऊ? फार महाग नको, आणि जर्सीत चालेल अशी सांगा." दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट काहीतरी सांगते आणि रात्री झोपताना आठवतं की महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून आज बसून सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी माझा एक उलटा प्रश्न, कारण हा कोणी विचारत नाही आणि खरी गडबड इथेच होऊ शकते. तुम्ही कुठल्या स्टेटसवर आहात? एच-वन, एल-वन, स्टुडंट व्हिसा, यातलं काही असेल तर फेडरल कायद्यानं बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि रेंजवर तासाभरासाठी भाड्यानं घेऊन हातात धरणं हेही त्यातच येतं. शिकारीच्या लायसन्ससारखे काही अपवाद कायद्यात आहेत, पण ते कोणाचं तरी ऐकून वापरायचे नाहीत, आधी वकिलाला विचारायचं. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिकत्व आणि व्हिसा याबद्दल सरळ प्रश्न आहेत, आणि तिथे खोटं लिहिणं हा आणखी वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहात ना, मग एका रविवारच्या हौसेसाठी ते पणाला लावू नका, अगदी हात जोडून सांगते. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कशालाही हात लावला नाही.

ग्रीन कार्ड किंवा अमेरिकन पासपोर्ट असेल तर पुढचं वाचा.

न्यू जर्सीत रायफल घ्यायच्या आधी एक कार्ड काढावं लागतं, फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड, बोलताना सगळे एफपीआयसी म्हणतात. ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे, दोन ओळखीच्या माणसांची नावं रेफरन्स म्हणून, मेंटल हेल्थचं रेकॉर्ड तपासायला संमती, २०२२ च्या कायद्यानंतर सेफ्टीचा कोर्सही, आणि ५० डॉलर फी, जी पूर्वी ५ डॉलर होती. कायद्यात ३० दिवस लिहिलेत पण त्या हिशोबानं काही ठरवू नका. माझा अर्ज तीन महिने अडकून पडला होता आणि मी उगाच ऑफिसला फोन करत होते. शेवटी कळलं की माझ्या मैत्रिणीला रेफरन्सचा जो ईमेल गेला होता तो तिच्या स्पॅममध्ये पडून होता. त्यामुळे ज्यांची नावं देणार त्यांना आधी घरी चहाला बोलवा, सगळं नीट समजावून सांगा आणि त्यांना रोज स्पॅम बघायला सांगा.

इथे बरेच जण म्हणतात, मग आधी एअर रायफल घेतो, ती तर खेळणंच आहे, जत्रेत फुगे फोडतो तशी. तर न्यू जर्सीत तसं नाही. आपल्याकडे जत्रेत दहा रुपयांत जी छर्ऱ्याची बंदूक हातात देतात तीसुद्धा इथल्या राज्याच्या कायद्यात फायरआर्म धरली जाते आणि तिलाही तेच कार्ड लागतं. दुसऱ्या राज्यातला मित्र ऑनलाइन ऑर्डर करतो ते बघून तुम्ही करू नका.

आता मुख्य प्रश्न. माझं उत्तर गेली काही वर्षं बदललेलं नाही: बोल्ट अ‍ॅक्शन, पॉइंट टू टू कॅलिबरची (गोळी साधारण ०.२२ इंच जाडीची), साधी, जड बॅरलची, म्हणजे जाड नळीची.

का ते सांगते. सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत मी पहिल्यांदा पॉइंट टू टू उचलली. सतरंजीवर पालथं पडायचं, कोपराखाली खडी टोचायची, गोळ्या मिळायच्या मोजून पाच, आणि उस्ताद मागून सांगायचे, श्वास अर्धा सोड, थांब, आता बोट. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. त्या चार हालचालींत माणूस थांबतो, मागची गोळी कुठे गेली असेल त्याचा विचार करतो, श्वास पुन्हा जागेवर आणतो. पाच गोळ्या संपल्या की उस्ताद कागदावर बोटं ठेवून ग्रुप, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते, मोजायचे, आणि पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली आल्या तर नुसती मान हलवायचे, त्यावर मी आठवडाभर खूश असायचे. स्वप्नीलनं पॅरिसला मारल्या त्या गोळ्याही याच कॅलिबरच्या, आणि २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तीही ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, याच काडतुसावर. त्या टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल असतो १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. त्यामुळे 'लहान कॅलिबर आहे, नवशिक्यांचं आहे' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरं कारण कायद्याचं. दुकानात गेलात की पहिली हातात देतील ती बहुतेक रुगर टेन ट्वेंटी-टू, १९६४ पासून बनतेय, लोकप्रिय आहे, चांगलीच आहे, मी वाईट म्हणत नाही. पण ती सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढची आपोआप चढते, आणि काढता येणारं मॅगझिन (गोळ्यांची डबी). अशा रायफलवर न्यू जर्सीत फीचर मोजतात: पिस्तूल ग्रिप, घडी होणारा किंवा लांब-आखूड होणारा स्टॉक (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग), पुढे आटे पाडलेलं बॅरल, अशी यादी आहे, त्यातली दोन जुळली की तीच पॉइंट टू टू कायद्याच्या भाषेत असॉल्ट फायरआर्म होते, म्हणजे बंदी असलेली. मॅगझिनची मर्यादा २०१८ पासून १० गोळ्या. ओळखीतल्या एकांनी पेन्सिल्व्हेनियात असताना अगदी कायदेशीर घेतलेली अशी रायफल होती, काळा स्टॉक, पिस्तूल ग्रिप, आट्यांचं बॅरल, २५ गोळ्यांचं मॅगझिन. नोकरी बदलली, जर्सीत घर घेतलं, आणि सामान पॅक होत असताना रात्री साडेदहाला मला फोन, हे पण ट्रकमध्ये टाकायचं ना? मी म्हटलं अजिबात नाही, आधी तिथल्याच डीलरला देऊन टाका. त्यांनी दिली, बऱ्यापैकी तोटा झाला, पण नदी ओलांडून आणली असती तर काय झालं असतं त्याचा विचारही नको. बोल्ट अ‍ॅक्शनला ही फीचरची यादी लागूच होत नाही. न्यूयॉर्कमध्येही सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटो रायफलला वेगळं लायसन्स लागतं, बोल्ट अ‍ॅक्शनला राज्याचं लागत नाही, न्यूयॉर्क सिटीचे नियम मात्र आणखी निराळे. आपल्या लोकांच्या नोकऱ्या आज इथे उद्या तिथे, तेव्हा राज्य बदललं तरी सोबत नेताना कमीत कमी त्रास होईल अशी वस्तू घ्यावी.

आता नावं. बजेट अगदी कमी असेल तर सॅव्हेज मार्क टू, जड बॅरलची, साधारण ३०० ते ४०० डॉलरमध्ये नवी मिळते. ती मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डची कंपनी. हिच्या ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पातं असतं, बोट आधी त्याला लागतं आणि मग ट्रिगर काच तुटावी तसा सुटतो, आणि तो किती हलका-जड हवा ते स्वतःला अ‍ॅडजस्ट करता येतं. या किमतीत असा ट्रिगर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. स्टॉक मात्र प्लास्टिकचा आणि हलका, पुढून दाबला की वाकतो. थोडे जास्त घालता येत असतील तर सीझेड ४५७, चेक रिपब्लिकची, ५००-६०० डॉलरच्या पुढे. माझ्याकडे हीच आहे. बोल्ट ओढताना कुठे अडकत नाही, लाकडाचा स्टॉक गालाला बसतो, आणि पुढे हौस वाढली तर बॅरल बदलता येतं. टिक्का टीवनएक्स पण त्याच रांगेतली. आन्शुट्झ वगैरे मॅच रायफली हजारोंत जातात, त्या पहिल्या खेपेला नकोत.

जुनी घ्यायला अजिबात लाजू नका. क्लबमधल्या एका आजोबांनी मला पहिले चार महिने त्यांची रेमिंग्टन ५१३टी वापरायला दिली होती, माझ्यापेक्षा वयानं मोठी रायफल, इथल्या शाळा-कॉलेजांच्या टीममध्ये एकेकाळी असायची तशी. मागे नेम धरायला बारीक भोकाची साइट, पुढे गोल रिंग, स्कोप म्हणजे दुर्बीण नाही. त्या भोकातून काळा ठिपका रिंगच्या बरोबर मधे धरायचा, एवढंच काम, आणि एवढंच काम दोन तास केलं की डोळ्यांना पाणी यायचं. अशा जुन्या टार्गेट रायफली अधूनमधून बऱ्या किमतीत निघतात. फक्त एखाद्याच्या घरून परस्पर आणायची नाही, खाजगी व्यवहारही डीलरमार्फतच करायचा, आणि दोघांची कागदपत्रं नीट करून घ्यायची.

मॉडेलपेक्षा मी ज्यावर जास्त भांडते ते म्हणजे माप. मी पाच फूट एक इंच. बहुतेक स्टॉक माझ्या हाताला लांब पडतात, मग मान पुढे ताणली जाते, खांदा वर चढतो आणि वीस गोळ्यांत पाठ दुखायला लागते. दुकानात रायफल रिकामी आहे ना ते स्वतः बोल्ट उघडून बघा, मग डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. साइट सरळ समोर दिसली तर ती तुमची. मान हलवावी लागली तर पुढची बघा. आणि घरी बसून आधी एक तपासा, दोन्ही हातांचा छोटा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मुख्य असू शकतो, त्यांनी क्लबमध्ये डाव्या खांद्यावरून मारून बघावं आणि मगच पैसे घालावेत. डावखुऱ्या बोल्टची मॉडेल सॅव्हेज आणि सीझेड दोन्ही कंपन्यांकडे असतात.

उरलेले पैसे गोळ्यांना ठेवा. दुकानात गोळ्या घेतानाही कार्ड दाखवावं लागतं. हाय व्हेलॉसिटी लिहिलेली खोकी घेऊ नका, स्टँडर्ड व्हेलॉसिटी घ्या. ती गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर जाते, आवाजाच्या वेगाखाली. वेगवान गोळी बॅरलमधून आवाजाच्या पुढे निघते आणि वाटेत मंदावत परत तो वेग ओलांडते, तिथे ती डगमगते आणि कागदावर ग्रुप पसरतो. होलो पॉइंटवर, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या गोळ्यांवर, जर्सीत निर्बंध आहेत, घर, रेंज, शिकार अशा कामांपुरतीच मुभा, आणि टार्गेटला त्यांची गरजही नाही, गोल नाकाची साधी गोळी बास. सुरुवातीला तीन वेगळ्या ब्रँडची एकेक ५० ची पेटी आणा, रायफल पिशवीवर टेकवून पाच-पाच मारा, कागदावर ब्रँडचं नाव आणि तारीख लिहा. माझ्या सीझेडला एसके आवडते, बाजूच्या लेनमधल्या माणसाच्या सीझेडला सीसीआय. मॉडेल तेच, दोघींच्या आवडी वेगळ्या, तेव्हा हे स्वतः मारूनच कळतं.

रेंजवर जाताना रायफल रिकामी, बंद केलेल्या केसमध्ये, ती केस डिकीत. घर ते रेंज, रेंज ते घर. कायद्यात वाटेतल्या गरजेच्या थांब्यांपुरतीच सवलत आहे, आणि किराणा ही तसली गरज नव्हे. रविवारी परतताना नवऱ्याचा मेसेज येतो, येताना कोथिंबीर आण. मी आधी घरी जाते, रायफल सेफमध्ये ठेवते, कुलूप ओढून बघते आणि मग परत गाडी काढते. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला सेफ कुठे आहे ते माहीत आहे, कॉम्बिनेशन माहीत नाही. घरात मुलं असतील तर सेफचे पैसे रायफलच्या आधी बाजूला काढा, बजेट ३०० चं असेल तर रायफल पुढच्या वर्षी घ्या.

कार्ड येईपर्यंत घाईनं काही घेऊ नका. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला मी रेंजवर असते. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकन पासपोर्ट असेल तर ते घेऊन या, क्लबच्या सेफ्टी ब्रीफिंगला पूर्ण बसा, मग माझी सीझेड माझ्यासमोर मारून बघा, आजोबा असतील तर त्यांची रेमिंग्टनही. एच-वनवर असाल तरी या, मागच्या बाकावर बसून बघा, हात लावायचा नाही एवढंच. कानाची मफ आणि चष्मा माझ्याकडे एकेक जास्तीचा आहे. फुल बाह्यांचा शर्ट घाला, गरम टरफलं उडतात.