पिल्लू अचानक तोल जाऊन पडायला लागलं

आमच्या इंदूरच्या घराच्या गच्चीवर थोड्या कडकनाथ कोंबड्या आहेत. झाबुआकडची काळी जात, 2018 मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हापासून जरा जास्तच भाव खाते 😄 त्यातलं महिन्याभराचं एक पिल्लू रात्री बरं होतं आणि सकाळी बघते तर उभंच राहीना. चालायला गेलं की मागे मागे जाऊन शेपटीवर बसायचं आणि मान अशी उलटी की डोकं पाठीला टेकलेलं, चोच आभाळाकडे. सासूबाई म्हणाल्या, "अगं दृष्ट लागली त्याला", शेजारच्या काकू म्हणाल्या लकवा, आणि नवऱ्याच्या मित्राने फोनवरच मॅरेक्स नावाचा कोंबड्यांचा विषाणूचा आजार सांगून टाकला, वर "काट डालो भिया" पण.

मॅरेक्सची भीती मलाही वाटलीच, कारण त्यावर औषध नाही, लस असते ती पिल्लू निघाल्या निघाल्या हॅचरीत देतात आणि आमची पिल्लं हाटातून आणलेली. पण त्यात बहुतेक वेळा एक पाय पुढे एक मागे असं फाकून पडतात, आणि याच्या पायात जोर होता, बोट चिमटलं की लगेच ओढून घ्यायचं. मानमोडी म्हणजे राणीखेतमध्येही मान वळते, पण ते एकट्यावर थांबत नाही, हिरवी शी, श्वासाची घरघर आणि बघता बघता सगळं खुराडं आडवं. इथे बाकीची सगळी मजेत दाणे टिपत होती. तरी पिल्लू वेगळं केलंच, आधी बाकीच्यांचं सगळं करायचं आणि याला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

राऊ ओलांडून महूच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथे टेबलावर ठेवलं तर हे शहाण्यासारखं गप्प बसलेलं! नशीब मी व्हिडिओ काढला होता. तो बघून डॉक्टरांनी पहिलं विचारलं, कोई दवा चल रही है क्या? चालू होती. शीमध्ये रक्त दिसलं म्हणून दाण्याच्या दुकानदाराने पाण्यात घालायला अँप्रोलियम दिलेलं आणि "चलने दो, नुकसान नहीं करती" म्हणालेला. तर गंमत अशी की हे औषध दिसायला बी-वन म्हणजे थायमिनसारखं असतं, कॉक्सिडियाचे, म्हणजे ती रक्ताची शी करणारे जंतू फसतात आणि बी-वनविना मरतात, पण डोस जास्त झाला किंवा फार लांबला तर पिल्लाचंही बी-वन अडतं. आणि बी-वन नसलं की मान मागे जाते, त्यालाच स्टार गेझिंग म्हणतात. आमचं पिल्लू आधीपासूनच कमी खाणारं, त्यामुळे हेच पहिलं सापडलं असणार. डॉक्टरांनी औषध बंद केलं, थायमिनचं इंजेक्शन दिलं, पुढे तोंडाने बी-कॉम्प्लेक्स. म्हणाले हेच कारण असेल तर फरक लवकर दिसेल, नाही दिसला तर परत आणा. व्हिटॅमिन ई कमी असलं तरी पिल्लं अशीच लोळतात म्हणून जुना खवट वास येणारा दाणाही फेकायला लावला.

खरं काम घरी आल्यावर. मान उलटी असली की पिल्लाला खायचं असतं पण चोच दाण्यावर पोचतच नाही, म्हणजे आजाराआधी उपासानेच जायचं. खोक्यात जुना टॉवेल गोल गुंडाळून घरट्यासारखं केलं म्हणजे कलंडायला नको, वर बल्ब. दाणा भिजवून त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करायचा, मान हलक्या हाताने सरळ धरायची आणि बोटावर थोडं थोडं. पाणी ड्रॉपरने, पण घशात पिचकारी अजिबात नाही, चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा आणि ते गिळेपर्यंत थांबायचं, कारण श्वासाचं भोक जिभेच्या अगदी मागेच असतं, पाणी तिथे गेलं की संपलंच. याला वेळ लागतो हो, पोहे गार होतात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. सासूबाई आधी नाक मुरडत होत्या, नंतर "आण इकडे, तुला जमत नाही" म्हणून स्वतःच घेऊन बसायला लागल्या.

त्याच संध्याकाळी मान थोडी खाली आली, दुसऱ्या दिवशी स्वतः चोच मारली. चाल सुधारायला मात्र वेळ लागला, घाईत वळलं की अजूनही लडखडतं. बाकीच्यांत सोडलं तर त्यांनी टोचून हैराण केलं म्हणून आता खुराड्यातच जाळी लावून शेजारी ठेवलंय, ओळख झाली की जाळी काढायची. दुकानदाराकडे गेले होते, तो म्हणतो, "मैडम, औरों को तो कुछ नहीं हुआ." आता औषधाच्या पाकिटावरचं मी स्वतः वाचते.