ड्युटी सांभाळून मोबाइलवर प्रसूतीचा अभ्यास: माझा अनुभव

आरोग्यसेविकेला स्वतःच्या मोबाइलवर काही शिकायचं तर पहिली अडचण जागेची. 32 जीबीच्या फोनवर प्रसूती आणि नवजात बाळाच्या काळजीचे व्हिडिओ दाखवणारं सेफ डिलिव्हरी अ‍ॅप घेताना माझं डाउनलोड दोनदा मध्येच अडकलं. कारण व्हॉट्सअ‍ॅप. तालुक्याचा ग्रुप, पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा), आशाताईंचा, लसीकरणाचा, आणि प्रत्येकावर रोज सुप्रभातची फुलं. आधी सेटिंग्जमधल्या स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद केलं, मग जुने व्हिडिओ उडवले. दीड-दोन जीबी मोकळी झाल्यावरच पुढचं जमलं. डाउनलोड घरच्या वायफायवर रात्री लावावं. उपकेंद्रात रेंज येते-जाते. एकदा उतरलं की व्हिडिओ नेटशिवाय चालतात, आणि आमच्यासाठी खरा उपयोग तिथेच आहे.

अ‍ॅपची आवृत्ती निवडताना घाई करू नका. मी भारतासाठीची घेतली. गरोदरपणात किंवा प्रसूतीत रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन) देताना आपल्याकडे आरोग्यसेविकेने पहिला डोस 10 ग्रॅम स्नायूत द्यायचा आणि लगेच रेफर करायचं. जागतिक सूचनांमध्ये त्यासोबत शिरेतून 4 ग्रॅमही असतात. दोन्ही वाचले की ऐन वेळी गोंधळ ठरलेला.

व्हिडिओ पाहून समजतं, पण हात तयार होत नाही. म्हणून एक सवय लावली: व्हिडिओत आकडा आला की थांबायचं आणि ट्रेमधली अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) हातात घ्यायची. बाळ बाहेर आल्यावर पोट चाचपून दुसरं बाळ नाही ना हे पाहायचं आणि एका मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन 10 युनिट द्यायचं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण आमच्याकडच्या अँप्युलवर 5 युनिट लिहिलेलं असतं, म्हणजे दोन फोडायच्या. मॅगसल्फची 2 मिलीची 50 टक्क्यांची अँप्युल म्हणजे 1 ग्रॅम. 10 ग्रॅमला दहा लागतात, प्रत्येक नितंबात पाच, म्हणजे 10 मिली, खोलवर. हा हिशोब वहीत लिहून ट्रेजवळ चिकटवला. लेबल बदललं तर हिशोबही बदलतो, म्हणून नवा स्टॉक आला की परत वाचायचं.

जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी दाबून मास्कमधून हवा देण्याच्या, म्हणजे बॅग-मास्कच्या सरावासाठी फोनचं स्टॉपवॉच पुरतं. पीएचसीतल्या बाहुल्यावर 30 सेकंद लावायचे, ‘स्क्वीझ-टू-थ्री’ म्हणत दाबायचं. 20 ते 30 श्वास झाले तर गती बरोबर. छाती हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी मान आणि मास्कची कड तपासा. बहुतेक वेळा हवा कडेनेच निसटते.

अ‍ॅपमधल्या प्रश्नांच्या तीन पातळ्या मी ओपीडी संपल्यावर दिवसाला एकच विषय घेऊन केल्या. लसीकरणाच्या दिवशी सुट्टी. पहिल्या पातळीत अंदाजाने पास होता येतं, म्हणून तिच्यावर खूश होऊ नका.

फोन आपला खासगी असला तरी रुग्णाचा फोटो त्यात नको, ग्रुपवर तर मुळीच नको. शंका विचारायची तर बीपी, लघवीतली प्रथिने आणि किती आठवड्यांची गरोदर एवढंच, नावाशिवाय.

लेबर रूममध्ये ग्लोव्ह्ज घातल्यावर फोनला हात लावायचा नाही. पाहायचंच असेल तर पारदर्शक पिशवीत घालून सोबतच्या ताईला धरायला सांगावं. नंतर फोन बंद करून 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा. निर्जंतुकीकरणाच्या बादलीतलं 0.5 टक्के क्लोरीन फोनला लावलं तर चार्जिंगची पिन गंजते.