फळी नेमकी कुठं थांबते?

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या थिकनेसरनं, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीननं, पाच फुटांची सागवानी फळी धरून ठेवली. सगळी फळी बाहेर आली होती, शेवटची वीतभर आत राहिली आणि तिथंच ती रुतली. मोटर चालू, पाती फिरतायत, फळी जागची हलत नाही. मदतीला असलेल्या पोरानं घाईनं दुसऱ्या बाजूनं हात घालून ओढायला घेतलं, तेव्हा मी ओरडून मोटर बंद केली. टेबल खाली उतरवून फळी काढली, तर थांबली होती तिथं आडवी काळी रेघ भाजलेली आणि बोटाला लागेल एवढा खड्डा.

साधं लाकूड असतं तर बाजूला टाकलं असतं. हा साग सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका पडक्या वाड्याच्या तुळयांचा. वाडा उतरवला, पण आजोबांच्या तुळयांचीच दारं नव्या घराला हवीत म्हणून घरातल्या आजी स्वतः टेम्पोबरोबर आल्या होत्या. एकेका तुळईतून मॅग्नेट फिरवून आम्ही जुने खिळे शोधले, उपटले, मग फाडल्या. असली फळी पुन्हा कुठून आणायची? खड्डा काढायचा तर त्या फळीसोबत बाकीच्या सगळ्याच फळ्या तेवढ्या पातळ कराव्या लागणार, कारण दाराच्या चौकटीत जाडी एकच लागते.

ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. "मालक, फीड रोलरच्या स्प्रिंगा कसा, दाब कमी झालाय," एवढं बोलून त्यानं ठेवला. फीड रोलर म्हणजे फळी पुढं सरकवणारे रोलर, एक पात्यांच्या पुढं, एक मागं. मी पुढच्या दातेरी रोलरच्या दोन्ही स्प्रिंगा अर्धा-अर्धा आटा कसल्या. फळी पुन्हा तिथंच थांबली, शिवाय रंधलेल्या बाजूवर रोलरच्या दातांचे ठसे राहिले. पुढचा रोलर पात्यांच्या आधी येतो, त्यामुळं त्याचे ठसे एरवी पाती खरवडून टाकतात. आमचा काप अर्ध्या मिलिमीटरचा होता आणि ठसे त्याहून खोल गेले होते. म्हणजे दाब कमी नव्हताच, मी तो उगाच वाढवला होता.

मग मशीन बंद केली, मेन स्विच काढला आणि चहा मागवला. लाकडात येण्याआधी नऊ वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या लूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा होतो. विणलेलं कापड पुढं ओढायला लूमवर एमरी लावलेला खरखरीत रोलर असतो. कापड सरकेनासं झालं, आडवे धागे दाट पडायला लागले की नवा माणूस लगेच पाना हातात घेतो. आम्हाला शिकवलं होतं ते वेगळं: आधी बघायचं की रोलर फिरतोय आणि कापड थांबलंय, का रोलरच थांबलाय. रोलर थांबला असेल तर दोष गिअरमध्ये. रोलर फिरतोय आणि कापड नाही, तर एमरी गुळगुळीत झालीय किंवा कापडाला पुढं कुठंतरी ओढ बसतेय. लाकडाचं मशीन म्हणून मी हे सगळं विसरून बसलो होतो.

खडू घेतला. मागच्या, म्हणजे फळी बाहेर काढणाऱ्या गुळगुळीत रोलरच्या टोकावर एक रेघ मारली आणि त्याच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर दुसरी, दोन्ही एका ओळीत. स्प्रॉकेट फिरून रोलर मागं राहिला असता तर दोघांना जोडणारी लोखंडी चावी तुटलेली किंवा स्क्रू ढिला. गार्ड लावून मशीन चालवली, लांबूनच बघितलं: दोन्ही रेघा एकत्र फिरत होत्या. म्हणजे चेन आणि चावीत दोष नव्हता.

आता राहिले दोनच प्रश्न. पाती बोथट होऊन फळीला अडवतायत, का फळी टेबलावरच घासतेय? फीड रोलर पात्यांच्या फिरण्याच्या वर्तुळापेक्षा साधारण एक मिलिमीटर खाली लोंबतात. म्हणून टेबल अगदी किंचित उतरवलं की रोलर फळीला धरतात, पण पाती टेकत नाहीत. बाभळीचा एक सरळ तुकडा असाच, काप न घेता आत सोडला. तोही शेवटची वीतभर राहिली आणि थांबला. पात्यांना हात लावायची गरजच नव्हती. ती काढून धारेला पाठवली असती तर दोन दिवस वाया गेले असते.

वीतभर का, हेही तेव्हा उलगडलं. दोन रोलरमधलं अंतर तेवढंच आहे. फळीचं शेपूट पुढच्या रोलरमधून सुटलं की ओढायला एकटा मागचा रोलर उरतो, आणि ओढणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. आणि मी पिळत होतो पुढच्याच्या स्प्रिंगा, ज्यानं फळी कधीच सोडून दिली होती! फळीनं जागा दाखवली होती, मी बघितली नाही.

पट्टा उतरवला, पाती फिरू नयेत म्हणून ती ज्यात बसवलेली असतात त्या कटर ब्लॉकला लाकडी पाचर लावली आणि मागचा रोलर पुसला. फडक्यावर तपकिरी चिकटा आला. सागाचं तेल आणि बारीक भुसा मिळून रोलरवर काचेसारखा थर बसला होता. रॉकेलच्या फडक्यानं तो निघाला. त्याच्या बरोबर खाली टेबलात जो रोलर असतो तो बोटानं फिरायला हवा, तो हलेना. काढला तर बुशमध्ये, म्हणजे रोलरचं टोक ज्यात फिरतं त्या नळीत, तेल आणि भुशाची कणीक घट्ट झालेली. ते तेल मीच दर आठवड्याला सढळ हातानं घालत होतो. भुसा ओढणारा पाइप महिनाभर अर्धा तुंबलेला होता, त्यामुळं भुसा तिथंच घोळत राहिला आणि तेलानं त्याला धरून ठेवलं. वर घसरणारा रोलर, खाली न फिरणारा: फळी जाणार कशी?

बुश धुतला आणि खालचे दोन्ही रोलर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी बसवले, टेबलाच्या वर 0.1 मिलिमीटर. रंधलेल्या लाकडाला एवढंच पुरतं. ओबडधोबड फळीला थोडं जास्त लागतं, पण जास्त वर ठेवलं की फळीच्या टोकाला खड्डा पडतो. टेबलावर साधी मेणबत्ती घासून कोरड्या फडक्यानं चोळली. सिलिकॉनचा फवारा मी वापरत नाही, कारण त्याचा अंश लाकडाला लागला तर पॉलिश फाटतं. पुढच्या स्प्रिंगा होत्या तिथं परत आणल्या.

बाभळीचा तुकडा एका दमात बाहेर आला. मग सागाची एक फळी. ती मागं येऊन पडली तेव्हा पोरगं म्हणालं, "दादा, आवाजच बदलला." खरंच बदलला होता.

काळी रेघ पडलेली फळी आणि तिच्या जोडीच्या सगळ्या फळ्या 32 वरून 30 मिलिमीटरवर आणाव्या लागल्या. आजींना फोन करून आधी विचारलं. "दार मजबूत राहील ना रे, मग घे," म्हणाल्या. 30 मध्ये राहतं.

खालच्या रोलरचा डावा बुश थोडा खाल्लाय, हातानं हलवला की कळतं. लेथवाल्याकडे गनमेटलचा करायला टाकलाय, शनिवारी मिळेल. तोवर रोज संध्याकाळी पट्टा उतरवून तो रोलर बोटानं फिरवून बघतो.