बांधाखालची भिंत

आमच्या शिरोळकडे पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घालतात. बरग्यांच्या दोन ओळी आणि मधे ठासलेली चिकणमाती. आजोबा म्हणायचे, "पाणी अडवतीया ती माती, फळ्या नुसत्या तिला धरून हाईत."

आता आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराच्या नटोमस भागात राहतो. जवळच सॅक्रामेंटो आणि अमेरिकन नद्यांचा संगम, भाग सखल, भोवती सुमारे ६८ किलोमीटरचे तटबंध आणि आत लाखभर माणसं. घर घेताना मी बांधाची उंची बघितली होती. खाली काय आहे, ते विचारायचं सुचलंच नाही.

खाली आहे वाळू. सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर धुतले, तो गाळ नद्यांत आला. १८८४मध्ये कोर्टाने ते थांबवलं, पण तोवर नद्या भरल्या होत्या. जुने बांध अशाच मातीवर आणि बरेचसे अशाच मातीचे. नदी फुगली की पाणी बांधाखालून दाबाने झिरपतं आणि आतल्या बाजूला उमाळे फुटतात. नितळ पाणी आलं तर लक्ष ठेवायचं. गढूळ आलं, की समजायचं खालची वाळू वाहून चाललीय. अशा वेळी उमाळा बुजवायचा नाही, नाहीतर पाणी शेजारी फुटतं. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आतलं पाणी चढू द्यायचं, म्हणजे दाब उतरतो. १९८६च्या फेब्रुवारीत इथून उत्तरेला लिंडा गावाजवळ यूबा नदीचा बांध फुटला, तोही पाणी वरून न जाता.

म्हणून बांधाच्या पोटात भिंत घालतात. आधी बांधाचा माथा उतरवून यंत्रांना जागा करतात. मग लांब हाताचं पोकलेन जेमतेम मीटरभर रुंद चर खणत जातं, कुठेकुठे २५ मीटरपर्यंत खोल. एवढा चर ढासळत कसा नाही? तो सतत बेंटोनाइटच्या, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या एका चिकणमातीच्या, पातळ चिखलाने भरलेला असतो आणि त्याचाच दाब कडा धरून ठेवतो. मागून त्यात माती आणि बेंटोनाइटचं मिश्रण ढकलत जातात, कुठे सिमेंटही घालतात.

कामावरच्या एका तपासनीस बाईंनी मला कुंपणाशी बोलावून दाखवलं. कपभर चिखल दांडीच्या तराजूवर तोलला, आकडा वहीत लिहिला. मग म्हणाल्या, बोट बुडवून बघा. थेट कालवलेली शाडू! बोटांत गुळगुळीत, आणि वाळल्यावर नखाच्या कडेला पांढुरकी रेघ.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर ते बोट दाखवलं. ती म्हणाली, "अगं, ह्यांनी पण बरगेच घातलेत की!"