वाद्यवृंद होता की नव्हता?

नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेल्या आपल्या वडिलांची हकिगत आर्ट स्पीगलमन यांनी ‘माउस’ या चित्रकथेत मांडली आहे; तिच्यातील एका पानावर मी दर वेळी थबकतो. ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीतून कैदी कामावर निघत, तेव्हा फाटकाशी कैद्यांचाच वाद्यवृंद वाजत असे, हे कागदोपत्री सिद्ध झाले आहे. मुलगा, म्हणजे स्वतः स्पीगलमन, वडिलांना, म्हणजे व्लाडेक यांना, त्याविषयी विचारतो. वडील म्हणतात, कसला वाद्यवृंद, मला फक्त रांगेत चालणे आठवते. मुलगा वाद घालत बसत नाही. एका चौकटीत तो वादक काढतो आणि पुढच्या चौकटीत त्यांच्यासमोरून कैद्यांच्या रांगा अशा नेतो की वादक झाकले जातात, मात्र वाद्यांची टोके रांगांच्या वर डोकावत राहतात. इतिहास खरा की बापाची आठवण खरी, याचा निवाडा न करता दोहोंना एकाच पानावर जागा देणे गद्य लेखकाला इतक्या सहजपणे साधले असते, असे मला वाटत नाही.

अमर चित्रकथा वाचत वाढलेल्या माझ्यासारख्याला चित्रकथा म्हणजे पराक्रमाची गोष्ट, अशी सवय असते. इथे ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे आणि पोलिश लोक डुकरे. पोलिश म्हणून वावरायची वेळ आली की व्लाडेक डुकराचा मुखवटा दोरीने बांधतो, आणि माणसांना जातीजमातींत विभागण्याचा खोटेपणा त्या दोरीतूनच उघडा पडतो. आणखी एका चौकटीत, लपायला जागा न उरलेले व्लाडेक आणि त्याची बायको आन्या चालत आहेत आणि त्यांच्यासमोरच्या वाटा नाझी स्वस्तिकाच्या आकारात फुटल्या आहेत. उंबऱ्याशी रांगोळीत स्वस्तिक पाहत आलेल्या माझ्या नजरेला ते चित्र उमगायला थोडा वेळ लागला, हे कबूल करतो.

हे पुस्तक 1986 आणि 1991 अशा दोन खंडांत आले आणि 1992 मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यातला न्यूयॉर्कमधला म्हातारा व्लाडेक अधिक मोलाचा वाटतो. गोळ्या मोजणारा, रस्त्यावरची तार उचलून आणणारा, दुसऱ्या बायकोला पैशांवरून छळणारा हा बाप मुलाने सोज्वळ केलेला नाही. छळातून वाचलेला माणूस त्यामुळे चांगला झालेला असतोच असे नाही, हे घरच्या माणसानेच सांगावे लागते.

आईची बाजू मात्र या पुस्तकात येऊच शकली नाही. आन्याने 1968 मध्ये आत्महत्या केली. युद्धानंतर तिने आपली सारी हकिगत वह्यांत लिहून ठेवली होती आणि पुढे मुलाला त्यात रस वाटेल अशी तिला आशा होती. तिच्या मृत्यूनंतर एका वाईट दिवशी व्लाडेकने त्या जाळून टाकल्या. हे कळल्यावर मुलगा आधी ओरडतो, मग वरवर समेट करून निघतो, आणि एकट्याने चालत असताना बापाविषयी एकच शब्द पुटपुटतो: खुनी. पहिला खंड त्या शब्दावर संपतो.