तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघ्याचं ऑपरेशन करू का नको?

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. लग्न असो, बारसं असो नाहीतर मंडई, मला हा एकच प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा एक हात गुडघ्यावर असतो नि दुसऱ्या हातात मोबाईलवर एक्स-रेचा फोटो तयार असतो. ऑपरेशन मी करत नाही, ते सर्जनचं काम. पण करून आलेली माणसं पुढे आठवडेच्या आठवडे माझ्याच समोर बसतात, त्यामुळे काय चुकतं नि काय जमतं ते मी रोज बघते, आणि उत्तर देते ते त्या बाजूनं.

आधी तो फोटो खिशात ठेवा. झिजून हाडांमधली गॅप पूर्ण संपलेल्या गुडघ्यानं जोतिबा चढून येणाऱ्या मावशी मी बघितल्यात आणि एक्स-रे बरा दिसत असताना जिना उतरताना रडकुंडीला येणारे काकापण. म्हणून मी विचारते ते वेगळंच, रात्री दुखण्यानं जाग येते का, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न थांबता जाता येतं का, पाय बाहेरच्या बाजूला वाकत चाललाय का, आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सलग तीन महिने खरंच केलाय का. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण दुसरीकडे बघतात. व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो, एवढाच. तो व्यायाम, थोडं वजन कमी, गोळ्या, हातात काठी (काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक सगळे उलटी धरतात), हे सगळं करूनही झोप लागत नसेल आणि घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर मग हो, गुडघा बदलायचं ऑपरेशन करा, आणि मग उगीच पाच वर्षं ढकलू नका, कारण आखडलेला नि वाकडा झालेला गुडघा ऑपरेशननंतरही सरळ करायला जास्त त्रास देतो.

मधला एक रस्ता लोकांना फार आवडतो, "दुर्बिणीतून साफ करून घेऊ का?" झिजेच्या दुखण्यासाठी नको. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० जणांवर याची परीक्षा झाली होती, २००२ साली ती छापून आली, काहींचा गुडघा खरंच धुतला-साफ केला आणि काहींना नुसते वरवर कातडीला छेद दिले, कुणाला काय केलंय ते सांगितलं नाही, आणि दोन वर्षं बघितल्यावर दोन्हींत फरक नाही. तरुण पोराची गुडघ्यातली गादी (हाडांमधली कूर्चा) फाटून गुडघा अडकून बसला तर दुर्बीण लागते, ती गोष्ट वेगळी.

आता गुडघा बदलणं म्हणजे काय, तर अख्खा गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत. खराब झालेला हाडाचा थर कापतात, जेमतेम ८-१० मिलिमीटर, आणि दाताला कॅप बसवतात तशी मांडीच्या हाडाला धातूची टोपी, खालच्या हाडावर धातूची प्लेट आणि मध्ये चिवट प्लॅस्टिकची गादी. लोक "वाटी बदलली" म्हणतात, पण वाटी बऱ्याचदा तशीच ठेवलेली असते. आपल्याकडे याची भीती गेली ती वाजपेयींमुळे असं मला वाटतं, २००० साली मुंबईत ब्रीच कँडीमध्ये त्यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी उजवा, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. किती वर्षं टिकतो? परदेशातल्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये आकडा आला, १०० पैकी साधारण ८२ गुडघे २५ वर्षांनीही चालू. म्हणजे सत्तरीतल्या माणसानं "टिकेल का" ही काळजी सोडली तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या भागांच्या, किमती बांधल्या, दीड लाखाच्या पुढे जाणारा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सेट ५४,७२० अधिक जीएसटीवर आला. पण ही मर्यादा फक्त सुट्या भागांना, हॉस्पिटलच्या बिलाला नाही, हे लक्षात ठेवून आकडा विचारा. आणि रोबोटच्या मदतीनं केलेलं ऑपरेशन? कापणं जास्त मोजूनमापून होतं हे खरं, पण रोबोटिकवाला आणि साधा असे दोन पेशंट सहा महिन्यांनी माझ्यासमोर चालवले तर कोण कुठला ते मला ओळखता येत नाही.

मला ओळखता येतं ते उशीवाल्याचं घर. ऑपरेशन करून पेशंट घरी येतो, दुखत असतं, आणि मायेनं कुणीतरी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतं. बरं वाटतं, गुडघा जरा वाकलेला राहिला की आतला ताण कमी होतो ना. पण तसाच ठेवला की तो तसाच धरतो, आणि मग माणूस कायमचा किंचित वाकलेल्या पायानं लंगडत चालतो, लाखो रुपये घालून. म्हणून घरी गेले की मी पहिल्यांदा उशी काढते आणि टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवते, गुडघा अधांतरी, आता मांडी आवळून गुडघा खाली गादीकडे दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. ओरडतात, शिव्या देतात, एका आजींनी मला "कसाबीण" म्हटलं होतं (आता दिवाळीला चिवडा पाठवतात). सगळ्यांचं लक्ष "किती वाकतोय" याच्यावर, पण पहिले काही आठवडे मी सरळ किती होतोय तेच आधी मोजते. वाकणं ११०-१२० अंशांपर्यंत बहुतेकांचं येतं, खुर्चीतून उठायला नि जिन्याला तेवढं पुरतं. मांडी घालून पंगतीत बसायचं आणि भारतीय संडास, हे मात्र सोडायची तयारी ठेवा, घरात कमोड ऑपरेशनच्या आधी बसवून घ्या.

कबड्डीवाल्या पोरांचं उलटं असतं. त्यांचा एसीएल (गुडघ्याच्या आतलं, हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलेला, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून नवीन लिगामेंट केलेलं, आणि दोन-तीन महिन्यांत दुखणं गेलं की "मॅडम, मैदानात उतरू का?" नेमकं त्याच सुमाराला ते नवीन लिगामेंट आतून सगळ्यात कच्चं असतं. नऊ महिन्यांच्या आत नाही म्हणजे नाही, आणि त्यानंतरसुद्धा दोन्ही पायांची ताकद मोजून.

खुब्याबद्दल दोनच गोष्टी सांगते, पण महत्त्वाच्या. तिशी-चाळिशीतल्या माणसाचा गुडघा दुखतोय, गुडघ्याचा एक्स-रे एकदम छान, आणि मांडी घालायला मात्र जमेना झालंय, तर खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि स्टेरॉइड किंवा दारूमुळे तिथलं रक्त बंद होऊन हाड मरायला लागलेलं असू शकतं. लवकर कळलं तर हाडाला भोक पाडून सांधा वाचवायचा प्रयत्न तरी करता येतो. दुसरं, आजी-आजोबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, तर "वय झालंय, आता कशाला ऑपरेशन" हे वाक्य कृपा करून कुणी बोलू नका. वय झालंय म्हणूनच करायचं, शक्यतो दोन दिवसांच्या आत, कारण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया नि पाठीच्या जखमाच जास्त त्रास देतात. बाकी सगळ्या ऑपरेशनना मी "थांबा, विचार करा" म्हणते, इथे नाही.

आणि हो, ऑपरेशनचं ठरत असेल तर मध्येच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, घेतलं असेल तर सर्जनना तारीख सांगा, तीन महिने तरी अंतर हवं, नाहीतर इन्फेक्शनचा धोका वाढतो. शुगर, किडलेला दात, पायाच्या बोटांमधली चिखली, हे सगळं आधी आवरा.

दोन्ही गुडघे एकदम करू का, हा प्रश्न राहिलाच. हृदय-फुप्फुस ठीक असेल का ते फिजिशियन बघतील, मी विचारते घरी कोण आहे. मुलगा पुण्यात, सून नोकरीला, दिवसभर तुम्ही एकट्या, असं असेल तर एक-एक करा.